झोकदार अक्षरातले लग्न

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांतली बरीच प्रकरणे आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेली आहेत. साखरेचे हे एक किरकोळ प्रकरण मात्र काही केल्या जात नाही.

लढाईचे दिवस होते आणि मी कर्जतला फौजदार होतो. साखर परवान्यावर मिळे. घरात लग्न असले तर मामलेदार कचेरीत छापील पत्रिका दाखवायची, की जादा साखरेचा परवाना हाती पडे. एरवी खेड्यांत पत्रिका छापायचे कोणाच्या मनातही येत नसे. अक्षत दिली की आमंत्रण झाले. पण साखरेपायी सगळे छापखान्याची पायरी चढू लागले.

एके सकाळी पळसदरीकडचा एक शेतकरी ठाण्यात आला. मागे पदर घट्ट धरून त्याची मुलगी उभी होती.

"सायेब, पोरीच्या लग्नाची साखर आनाया गेलो, तं कारकून म्हनतो, तुज्या पोरीचं लगीन मागंच झालं. साखर उचलली हाय."

कचेरीतल्या पत्रिकेवर त्याच्याच मुलीचे नाव होते, नवरा मात्र भलताच. कारकून हे सांगत होता तेव्हा खालापूरकडचा खरा व्याही कचेरीत त्याच्या शेजारीच उभा होता. लग्न झालेली मुलगी आम्हाला नको, एवढे बोलून तो तिथूनच परतला. मुलीचे नाव मी इथे लिहीत नाही. एकदा छापून झाले तेवढे पुरे.

कचेरीतून पत्रिका मागवल्या. बऱ्याच पत्रिकांत मजकूर साधा, पण वधूवरांची नावे एका झोकदार टाइपात होती. बोरूने लिहिल्यासारखे अक्षर, लांब वेलांट्या, खाली वळवलेला काना. असा टाइप त्या भागात एकाच छापखान्यात होता. मालकाने तो मुंबईहून जुना विकत आणला होता. मानपत्रे, वकिलांची कार्डे, अत्तराच्या बाटल्यांवरची लेबले तो त्यात छापी. अक्षर देखणे होते, ते कबूल केले पाहिजे.

मालक गुळगुळीत बोलणारा होता. "फौजदारसाहेब, गिऱ्हाईक नावं देतं, मी छापतो. लग्न लागलं की नाही, ते बघायला मी जातो का?" अशा माणसाला दरडावून काही निघत नाही. मी त्याला बोलू दिले.

त्या टाइपातल्या ज्या पत्रिकांवरची घरे कचेरीत कोणाच्या ओळखीची नव्हती, त्या संशयाच्या धरून गावोगाव पडताळायच्या होत्या, म्हणून जमादार नावे वाचत होता आणि मी कंटाळून ऐकत होतो. तारा, सीता, मनू, कमल. मी म्हटले, "काय हो, यात एक पण धोंडी नाही?" जमादार थांबला. भागू नव्हती, ठकूही नव्हती. आमच्या खेड्यांत तर घराआड एक धोंडी.

पंच घेऊन छापखाना गाठला आणि त्या टाइपाची पेटी उघडली. ध, भ, ठ यांचे खाने रिकामे होते. जुना माल अपुराच आला होता. खऱ्या गिऱ्हाइकाची धोंडी असली की तो पहिले अक्षर साध्या टाइपातले घाली, आणि ते ठिगळासारखे दिसे. संशयाच्या पत्रिकांत असे ठिगळ एकही नव्हते.

"नावं गिऱ्हाइकांनी दिली म्हणता. मग सगळ्यांना तुमच्या पेटीतलीच कशी सुचली?"

त्याने पाणी मागितले आणि मग सगळे सांगितले. पत्रिका खोट्या होत्या, साखर एका मिठाईवाल्याकडे जात होती.

"आणि ही मुलगी? ती तर खरी आहे."

"छापखान्यासमोर करवंदं विकायला बसायची, तेव्हा बोलता बोलता नावगाव कळलं. नाव त्या टाइपात बसत होतं."

खुनाचीही कारणे मी ऐकली आहेत. इतका संताप मला त्यांचा आला नव्हता.

टाइप मुद्देमाल म्हणून सीलबंद करून कोर्टात जमा केला. मग मुलीच्या बापाला घेऊन मी स्वतः व्याह्याकडे गेलो. त्याने अदबीने बसवले, चहा दिला.

"सायेब, तुमी खोटं कशाला बोलाल? पन आमच्या भावकीला छापलेलं म्हाईत हाय. तुमचं सांगनं तोंडी."

हे कळल्यावर मुलगी ठाण्यात आली. पहिल्यांदाच माझ्याकडे बघून बोलली. "सायेब, मंग तुमीपन छापून द्या. त्याच अक्षरात. का माजं लगीन झालं नाय."

टाइप कोर्टात सीलबंद आहे, असे मी तिला सांगितले. "मंग सोडवा," ती म्हणाली. मी अर्ज केला, तो नामंजूर झाला. निकालापर्यंत पुराव्याला हात लावता येत नाही, आणि कायद्याने ते बरोबरच होते.

तारखा पडत राहिल्या. अखेर मालकाला शिक्षा झाली आणि साहेबांनी माझी पाठ थोपटली. फिर्यादीला काय हवे आहे ते आधी ऐकावे, हे मी त्या प्रकरणात शिकलो. त्या माणसाला शिक्षा करा, असे ती मुलगी एकदाही म्हणाली नव्हती. तिला एक छापील कागद हवा होता.

सील फुटले त्या दिवशी मी शिपायाबरोबर तिच्या बापाला निरोप धाडला की आता छापून घेता येईल. शिपाई परत येऊन म्हणाला, "साहेब, तिला बिजवराला देऊन टाकली. त्याच्या पोरांना आई हवी होती म्हणे. त्या लोकांनी पत्रिकेचं काही विचारलं नाही."