राखेच्या विटांचं घर

गेल्या पाडव्याला आमच्या मीरा रोडच्या साइटवर एक प्रसंग घडला. बेव्हर्ली पार्कच्या पुढे आमची सात मजली बिल्डिंग उभी राहतेय, मी तिथे साइट इंजिनिअर. सणाचा दिवस म्हणून फ्लॅट बघायला लोकांची ये-जा चालू होती.

त्याआधी कित्येक महिने मी आमचे बिल्डर जिग्नेशभाई यांच्या मागे लागले होते. लाल विटांऐवजी फ्लाय ॲशच्या विटा वापरू या... म्हणजे वीज केंद्रात कोळसा जळून उरते ना, त्या राखेच्या विटा. शेवटी कंटाळून ते म्हणाले, "ठीक है मॅडम, सिर्फ ए विंग. लेकिन एक भी पार्टी ने कंप्लेंट किया तो वापस लाल ईंट."

आणि पाडव्यालाच ती पार्टी आली.

महेश शेलार म्हणून एक बँकेतला मुलगा. त्याने तिसऱ्या मजल्यावरचा वन बीएचके बुक केला होता आणि आईला पहिल्यांदाच घर दाखवायला आणलं होतं. लालबागच्या एका खोलीत आयुष्य गेलेल्या बाई... किचनच्या खिडकीपाशी उभ्या राहून त्या किती वेळ नुसत्या हसत होत्या.

मग प्लास्टर न झालेल्या भिंतीवर त्यांनी हात ठेवला. "या विटा अशा राखाडी का गं?"

जिग्नेशभाई मागून डोळ्यांनी खुणावत होते. पण मला खोटं बोलवेना. म्हटलं, "काकू, राखेच्या आहेत."

त्यांचा हात चटकन मागे आला. चेहराच उतरला. "महेश, आत्ताच तर तुझ्या बाबांची राख सावडली आपण... आणि राहायलाही राखेतच यायचं?"

महेश हळूच जिग्नेशभाईंना म्हणाला, "बुकिंग कॅन्सल करावं लागेल बहुतेक."

मी काकूंना खुर्ची दिली, पाणी दिलं. थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, "लाल विटांना काय झालं होतं पण?"

"काकू, त्यांना शेतातली वरची चांगली माती लागते. ती काढून भट्टीत भाजतात. या विटांत माती नाही. वीज केंद्रातल्या कोळशाची राख, दगडाची भुकटी आणि थोडं सिमेंट... भट्टीही लागत नाही, पाणी मारून पक्क्या होतात."

काकूंनी ग्लास खाली ठेवला. "आमची गेलीय अशी," त्या म्हणाल्या. पेणजवळ त्यांचं गाव. मोठ्या दिरांनी शेतातली माती वीटभट्टीवाल्याला दिली, आणि शेताचा खड्डा झाला. त्यात पाणी साचतं, गवत वाढतं, भात काही होत नाही. "यांनी परत कधी त्या शेताकडे बघितलं नाही. गावी गेले तरी लांबच्या वाटेने जायचे."

मग उठल्या आणि म्हणाल्या, "मला एक वीट दे. घरी नेते."

पिशवीत वीट घालून मायलेक गेले. इकडे जिग्नेशभाईंनी लाल विटांसाठी फोन करायला सुरुवातही केली होती.

पुढच्या रविवारी काकू पुन्हा हजर. महेश सांगत होता, वीट बादलीत भिजत ठेवली होती. अख्ख्या चाळीने येऊन ती ठोकून पाहिली, पण ती ना विरघळली, ना फुटली. एका शेजाऱ्याने तर वरून गॅलरीतून खाली टाकायची तयारी केली होती, काकूंनीच त्याला अडवलं!

काकू तडक जिग्नेशभाईंसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "सेठ, हमको राखवालाच घर मंगता. लाल ईंट डालेगा तो बुकिंग कॅन्सल!"

जिग्नेशभाईंनी माझ्याकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं, आणि जोरजोरात हसायला लागले. हातातला फोन त्यांनी खिशात टाकला.

नंतर काकू मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "यांना आवडलं असतं गं. कुणाचं तरी शेत वाचतंय म्हटल्यावर."

परवा बी विंगचं बांधकाम सुरू झालं. त्याच राखाडी विटांनी. नवीन गिऱ्हाईक आलं की जिग्नेशभाई आता स्वतःहून सांगतात, कसली वीट आहे ती. परवा एक कुटुंब ऐकून निघूनही गेलं... पण दुसरं थांबलं, भिंतीला हात लावून प्रश्न विचारत बसलं.

खरं सांगितलं की माणसं पळून जातात, अशी मला भीती होती. काही जातातही. पण शेलार काकूंसारखं एखादं माणूस आपलं दुःख घेऊनच समोर बसतं, ऐकून घेतं, आणि मग आपल्याहून जास्त ठामपणे उभं राहतं... काकू, थँक यू.