शांतपणे, एकदाच

मी सुरतेत भेस्तानच्या एका एम्ब्रॉयडरी युनिटमध्ये कॉम्प्युटरवर साड्यांची डिझाइनं बनवतो. आमचे छोटे शेठ कुठल्याशा शिबिराला जाऊन आले आणि त्यांनी ऑफिसात पुस्तकांचं कपाट आणून ठेवलं. स्वतःला कसं सुधारावं, विचार कसा करावा, समाज कसा चालतो, असली सगळी पुस्तकं. बहुतेक गुजराती, काही हिंदी, थोडी मराठी. प्रत्येकानं महिन्याला एक न्यायचं आणि शनिवारी चहाच्या वेळी उभं राहून त्यातून काय शिकलो ते सांगायचं.

माझं शिक्षण उधन्याच्या मराठी शाळेत झालं. दहावीनंतर हातात पुस्तक धरलं नव्हतं. पण पहिलंच पुस्तक मी चार दिवसांत संपवलं. त्याचा सारा भर एका गोष्टीवर होता, की माणसाला नाही म्हणता आलं पाहिजे. जवळच्या माणसाला आधी. आणि कसं म्हणायचं तेही दिलं होतं: आवाज न चढवता, शांतपणे, एकदाच.

वाचताना माझ्या डोळ्यांसमोर सारखा दादा येत होता.

दादा माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा. मी दहा वर्षांचा असताना त्यानं मला धुळ्याकडच्या गावाहून सुरतला आणलं, शाळेत घातलं, पुढे कॉम्प्युटरच्या क्लासला पाठवलं. तो स्वतः उधन्यात लूम्सच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, तेव्हाही आणि आजही. तीस वर्षं रोज बारा-बारा तास त्या खडखडाटात काढल्यामुळे त्याला ऐकायला कमी येतं. आम्ही सगळे त्याच्याशी ओरडूनच बोलतो. आमच्या घरात त्याचं कुणाला काही वाटत नाही.

दर रविवारी सकाळी नऊच्या आत तो माझ्या घरी हजर. हातात भाजीची पिशवी. आला की टीव्हीची जागा बदल, मुलीच्या वह्या तपास, बायकोला कुठल्या दुकानातलं पीठ चांगलं ते सांग, असं चालायचं. त्या रविवारी आम्ही तिघं डुमसला समुद्रावर जायला निघालो होतो. दादा आला आणि म्हणाला, भाऊबंदातल्या एका मुलासाठी मुलगी पाहायला नंदुरबारला जायचंय, गाडी दहाला येईल, तू येतोयस असं मी सांगून टाकलंय.

मी दारातच उभा होतो. पुस्तक आठवलं. आवाज अजिबात न चढवता म्हणालो, "दादा, मी येणार नाही. आणि यापुढे येण्याआधी फोन करत जा. हे माझं घर आहे."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग मान हलवून म्हणाला, "हा, बरोबर शे." भाजी ओट्यावर ठेवली आणि चहा न घेता गेला.

बायको म्हणाली, "अहो, हे काय बोललात तुम्ही?"

मी म्हणालो, "जे बोलायला पाहिजे होतं ते." आम्ही डुमसला गेलो. भजी खाल्ली. मला फार हलकं वाटत होतं, हे कबूल केलं पाहिजे.

शनिवारी मी ऑफिसात उभा राहिलो आणि हीच गोष्ट सांगितली. भावाचं नाव घेतलं नाही, पण भाऊच म्हणालो. छोट्या शेठनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या. नंतर धागे कापायला बसणाऱ्या एक मावशी, अकोल्याकडच्या, माझ्या टेबलाशी आल्या.

"मग तुमचे भाऊ काय म्हणाले?"

"बरोबर आहे म्हणाले."

"तुमीच एकदा सांगत होते ना, त्याइले ऐकू येत नाई म्हणून? मग हळू बोलले तर ऐकलं तरी का त्याइनं?"

हा विचार माझ्या मनात आलाच नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा मी दादाशी हळू आवाजात बोललो होतो, आणि तेही हे सांगायला.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, दादा आला नाही. त्याच्या पुढच्याही रविवारी नाही. मी पार गोंधळून गेलो. ऐकलं असेल तर तो दुखावलाय. ऐकलं नसेल तर मग येत का नाही? वहिनीला फोन केला तर ती म्हणाली, घरीच असतात, झोपतात. आजारी आहे का विचारलं, तर नाही म्हणाली.

तोवर दुसरं पुस्तक हातात आलं होतं, समाजावरचं. त्यात म्हटलं होतं की माणूस ज्याला स्वतःचं नशीब म्हणतो ते पुष्कळदा दुसऱ्या कुणाच्या तरी सोयीचं असतं. मला दादाचे कान दिसायला लागले. इतकी वर्षं मी ते कान म्हणजे दादाचा स्वभावच धरून चाललो होतो. महिन्याची वाट न पाहता तिसरंही नेलं, तत्त्वज्ञानाचं. ते म्हणत होतं, जे आपल्या हातात नाही त्यावर जीव जाळू नकोस. मग दादाचे कान माझ्या हातात आहेत की नाहीत? पहिल्या पुस्तकाप्रमाणे तर मी त्याच्या आयुष्यात नाक खुपसायलाच नको होतं, जसं त्यानं माझ्या.

शेवटी मी त्याच्या खोलीवर गेलो आणि ओरडून म्हणालो, "दादा, कानाच्या डॉक्टरकडे चल."

"माले काय व्हयनं शे?" तो म्हणाला. पण आला.

डॉक्टरकडे एक काचेची खोली होती. दादाच्या कानांवर हेडफोन लावले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. काचेपलीकडे एक तरुण मुलगी मशीन चालवत होती, मी तिच्या मागे उभा. दादा शाळेतल्या मुलासारखा ताठ बसला होता आणि पटापट बटण दाबत होता. मला बरं वाटलं, म्हटलं इतकं वाईट नाही. तेवढ्यात त्या मुलीनं दार उघडून सांगितलं, "काका, अवाज आवे त्यारे ज दबावजो." आवाज येईल तेव्हाच दाबा. तिनं आवाज सोडलाच नव्हता तेव्हाही तो दाबत होता.

मग तिनं त्याची खुर्ची भिंतीकडे वळवली, म्हणजे त्याला आमची तोंडं दिसू नयेत. त्यानंतर बटण जवळजवळ दाबलंच गेलं नाही.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "आधी कसं काय दाबत होतास?"

तो संकोचून हसला. "ती पोर बठेल व्हती ना समोर. तिनं तोंड पाहिसन समजे." त्या मुलीचा चेहरा बघून त्याला अंदाज यायचा.

डॉक्टरांनी कानाला मशीन लावायला सांगितलं होतं. दादा म्हणाला, पाहू. मी खात्याच्या शेठशी बोलायचं काढलं, कान या कामापायीच गेलेत, त्यांनी काहीतरी केलं पाहिजे वगैरे. त्यानं हात झटकला. "खातामा सगळासनं असंच शे." जणू सगळ्यांचं तसं असणं हे उत्तर होतं. माझ्या पुस्तकात तोच प्रश्न होता. ओरडून ओरडून मी ते त्याला समजावणार तरी कसं, चहाच्या टपरीवर, दहा माणसांदेखत?

टपरीवर मी धीर करून विचारलं, "दादा, त्या रविवारी मी दारात काय म्हणालो ते तुला ऐकू आलं होतं?"

"कवय?"

"नंदुरबारला जायचं होतं तेव्हा."

त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं, बराच वेळ. काचेपलीकडच्या त्या मुलीकडे पाहिलं असेल तसंच. मग म्हणाला, "माले ऐकू उनं नही, भाऊ." आणि चहा प्यायला लागला.

हे खरं होतं की माझा चेहरा बघून दिलेलं उत्तर, ते मला कळलं नाही. आणि शब्द ऐकू आले नसले तरी त्या दिवशी दारात माझ्या तोंडावर त्यानं काय वाचलं असेल, ते त्याहून कळत नाही.

महिनाभरानं एका शनिवारी वहिनीचा फोन आला, "उद्या आम्ही येऊ का?" असं तिनं कधी विचारलं नव्हतं. दादानं विचारायला सांगितलं की तिचं तिनंच, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. या म्हणालो. आता ते असेच येतात, कधी फोन करून, कधी न करता. टीव्हीची जागा मात्र दादा बदलत नाही. मशीन अजून लावलेलं नाही. मीही कधी आग्रह धरतो, कधी सोडून देतो, जे पुस्तक चालू असेल त्याप्रमाणे.

एक गोष्ट मला हल्ली दिसायला लागली आहे. टीव्हीवर काही विनोदी चाललं असलं की दादा पडद्याकडे बघतच नाही. माझ्याकडे बघतो, आणि मी हसलो की क्षणभरानं हसतो. म्हणून कधी कधी मला हसू येत नसलं तरी मी हसतो. हे त्याच्यासाठी करतो की स्वतःसाठी, आणि करावं की करू नये, याबद्दल कपाटातलं एकही पुस्तक अजून काही बोललेलं नाही.