गोजरबाईच्या छातीतली सूज

गोजरबाई, रामेश्वर हे वाचून दाखवील तेव्हा मधे बोलू नकोस. तासभर गप्प बसणं तुला एकदा जमलं आहे, पुन्हाही जमेल. तुझी गोष्ट तू साऱ्या शहागडला सांगत सुटतेस आणि दर खेपेला त्यातलं मशीन मोठं होत जातं. म्हणून एकदा नीट लिहून टाकते. चुकलं असेल तर अंबडला येऊन भांड.

तर शहागडजवळच्या वस्तीवर राहणाऱ्या गोजरबाईकडे तेवीस शेळ्या होत्या आणि एक हाक होती. शेळ्या नाल्यापलीकडे पांगल्या की ती बसल्या जागेवरून “हेऽऽ हुर्रर्र!” करायची, की सगळ्या माघारी. मग ती हाक खोकल्यात अडकली. चार पावलांवर धाप लागायला लागली. टीबी समजून सहा महिने गोळ्या झाल्या, काडीचा फरक नाही. शेवटी संभाजीनगरला फुफ्फुसातला तुकडा काढून तपासला, तेव्हा कळलं, हा सारकॉइडोसिस. आत बारीक बारीक गाठी धरतात. का धरतात, ते डॉक्टरांनाही ठाऊक नाही. रामेश्वर, म्हणजे तिचा लेक, माझा जुना विद्यार्थी. तो कागद वाचून घ्यायला माझ्याकडे आला. उभा जन्म विज्ञान शिकवूनही मला पुस्तक उघडावं लागलं.

डॉक्टर म्हणाले, “सूज ताजी असेल तर गोळ्यांनी उतरेल. नुसते जुने वण असतील, तर गोळ्यांचा त्रासच होईल, उपयोग नाही.” कोणतं काय, ते एक्स-रेवरून नक्की सांगता येईना. म्हणून पेट स्कॅन. त्यात साखरेसारखं एक औषध टोचतात. सुजेला साखरेची भारी हाव. ती ते ओढून घेते आणि फोटोत चमकते. वण विझलेलेच राहतात.

“माय, वण निघाले तर शेळ्या मंगळवारी बाजारात,” रामेश्वरनं सांगून टाकलं. “तू धापा टाकीत त्यांच्या मागं पळून राह्यली, मला बघवत न्हाई.”

“अन् मी काय भिंतीकडं बघत बसू?”

स्कॅनच्या दोन दिवस आधी फोन आला. उद्या भाकरी नाही, पोळी नाही, भात नाही, गोड तर मुळीच नाही. गोजरबाईच्या घरात याचा अर्थ एकच. पुढचं ऐकायला ती थांबलीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी भगर आणि शेंगदाण्याची आमटी, संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी, वर दोन केळी.

“आजी, काल काय खाल्लं?” स्कॅनच्या खोलीतल्या मुलीनं विचारलं.

“काहीच न्हाई गं. कडक उपास धरल्ता.”

“उपासाला काय खाल्लं?”

गोजरबाईनं अभिमानानं यादी सांगितली. मुलीनं पेन खाली ठेवलं. असलं खाल्लं की हृदयही साखर ओढतं, उजळतं, मग आजार तिथं पोचलाय का ते कळत नाही. “उद्या या. आज फक्त अंडी, मटण, तूप. रात्रीपासून नुसतं पाणी.”

“हे आधी न्हाई का सांगायचं?”

“सांगत होते त्या,” रामेश्वर म्हणाला. “तूच फोन ठुला.”

त्या दिवशी तिथंच राहणाऱ्या बहिणीकडे, नंदाबाईकडे, तिनं भाकरीवाचून मटण खाल्लं. इतकं बेचव जेवण जन्मात केलं नव्हतं म्हणे.

दुसऱ्या दिवशी सुई टोचली आणि मुलगी म्हणाली, “आता तासभर पडून राहा. बोलायचं नाही. बोललं की गळा चमकतो.”

गोजरबाईनं तोंड उघडलं आणि मिटलं. छताकडे बघत एकेक शेळी मनातल्या मनात हाकारली. चांदी, भुरी, लांबकानी. तेविसावी झाली की पुन्हा चांदी. वण निघाले तर यातली कोण उरेल, हा विचार आला की मोजणी चुकायची. त्या शांततेत तिला पहिल्यांदा आपला श्वास ऐकू आला. वाळक्या पाल्यावर कुणी चालावं तसा.

निघताना बजावलं होतं, औषधाचे किरण अंगात आहेत, आजचा दिवस लहान लेकरांपासून आणि पोटुशा बायांपासून लांब राहा. चांदी गाभण होती. संध्याकाळी वस्तीवर आल्यावर गोजरबाईनं दहा हात अंतरावरूनच तिची विचारपूस केली.

आठ दिवसांनी डॉक्टरांनी फोटो दाखवला. “बरीचशी सूज ताजी आहे. खालच्या कडेला थोडे वण. हृदय साफ.”

“मंजे?” रामेश्वरनं विचारलं.

“मंजे शेळ्या राह्यल्या,” गोजरबाई म्हणाली. ते डॉक्टरांचं उत्तर नव्हतं, पण बरोबर होतं.

गोळ्यांनी तोंड भोपळ्यासारखं सुजलं, भूक अशी लागली की चार भाकऱ्या कमी पडायच्या. सहा महिन्यांनी नळीत फुंकर मारायला लावली, श्वासाचा आकडा वर आला होता. धाप कमी झाली. हाक परत आली, पण नाल्यापर्यंतच. कडेचे वण काही जात नाहीत.

त्याच आठवड्यात ती माझ्याकडे आली. “मास्तरीणबाई, जालन्याला गेल्या की एक शिट्टी आना. पीटीच्या मास्तरची असती तसली. नाल्याच्या पल्याड आवाज जाऊन न्हाई राह्यला.”

मी म्हटलं, आणते.

त्यानंतर, गोजरबाई, मी चारदा जालन्याला गेले. एकदा दुकान बंद होतं. तीनदा उघडं होतं, पण शिट्टी घेतली की तुझी हाक आता नाल्यापलीकडे जाणार नाही हे कबूल केल्यासारखं वाटलं, आणि तशीच परतले. आणि तूही दर भेटीत माझ्या पिशवीकडे बघतेस, विचारत मात्र नाहीस.