सेलू ते केळझर, पिशवीत बोटभर मासे

बोटभर माशाला इतके खवले कशासाठी, याचा जाब विधात्याला कुणीतरी विचारायलाच हवा. म्हशीला नाहीत, हत्तीला नाहीत. आणि ज्याच्या अंगावर धड दोन घास मांस नाही, त्याला मात्र चिलखत. पाठशाळेत मत्स्यावतार शिकलो, तेव्हा गुरुजींना ही शंका विचारायची राहून गेली.

तर, थंडीतल्या एका रविवारी वर्ध्याहून निघालो. केळझरच्या पुढच्या एका खेड्यात माझी थोरली बहीण एकटी राहते. तिच्या अंगणात मासे भाजायचे, हा आमचा दर हिवाळ्याचा नेम. तुम्हालाही असा बेत करायचा असेल, तर नागपूरकडे जाणारी साधी एसटी धरा आणि सेलूला उतरा. रस्त्याच्या कडेला धरणाचे बारीक मासे घेऊन बाया बसतात. शंभराच्या नोटेत दोघांची चंगळ होते. पण पुढे केळझरला गणपतीचं दर्शन घ्यायचं असेल, तर आधी थेट तिथे जाऊन ते उरका आणि मासळीसाठी सेलूला मागे या. मी क्रम चुकवला आणि मासळीची पिशवी पाठीमागे लपवून देवाला रस्त्यावरूनच हात जोडले. पुढे ऑटो मिळतो, तो भरेपर्यंत हलत नाही.

ताई ओट्यावरच बसली होती. "काऊन उशीर केला, शास्त्री?" पाठशाळेत गेलो तेव्हापासून तिने मला दुसऱ्या नावाने हाक मारलेली नाही.

कामाची वाटणीही जुनीच. मी मासे राखेत घोळवून खरबरीत दगडावर घासायचे.

"शेपटीकडून घास. मंत्र म्हणून खवले निघत नाई."

पोट चिरणं तिच्याकडे. आत हिरव्या मण्याएवढं पित्त असतं. ते फुटलं की अख्खा मासा कडूजहर. तिच्या अंगठ्याखाली ते कधी फुटलेलं मला आठवत नाही, म्हणून पोटाला हात लावायची परवानगी मला आजवर नव्हती. मग मीठ, हळद, तिखट, ठेचलेला लसूण. पळसाच्या पानात गुंडाळायचं आणि पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचा, जाळ बसून निखारे झाले की त्यावर ठेवायचं.

पहिला घास कडू लागला. दुसरा मासा घेतला, तोही कडू. ताई शांतपणे काटे काढत जेवत होती.

"कसे झाले?"

"झकास."

"असन. मले आजकाल सारंच सारखं लागते."

कुंपणापलीकडून शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुमीच सांगा आता ताईले. परवा गॅस चालूच राह्यला होता. माह्या घरात वास आला, ह्यायले पत्ताच नाई."

"तिचं काय आयकतो तू," ताई म्हणाली. "जेव."

मी वर्ध्याला चल म्हणालो. ताईने माझ्या ताटात आणखी एक मासा ठेवला.

"तुह्या फ्लॅटात मले कोण ओळखते?" मग काटा ताटाच्या कडेला ठेवत, "तुले तरी कोण ओळखते म्हणा."

मी सगळे मासे संपवले.

निघताना उरलेले चार कच्चे मासे तिने पानात बांधून दिले. "पोचला का फोन करजो."

घरी पोचून फोन केला, मग मोरीत बसून ते चार मासे साफ केले. इथे राख नाही, म्हणून जाडं मीठ. दगड नाही, म्हणून सुरीची पाठ. पित्त मी पहिल्यांदाच काढलं, आणि एकही फुटलं नाही. गॅसवर जाळी ठेवून भाजले. चांगले झाले होते. तसं सांगायला घरात कुणी नव्हतं आणि ताईला ते सांगणं जमलं नाही.

खवल्यांची तक्रार मी मागे घेतो. ताईला आता वास येत नाही, तिच्या घरात गॅस आहे आणि दार लावून ती एकटी झोपते. मला त्याची भीती वाटते.