गोडी गेलेलं दूध

आतड्याच्या लांबलेल्या दुखण्यानंतर डॉक्टरांनी आईला दूध प्यायचं बंद केलं, तेव्हा मी यवतमाळला संशोधन करत होते. दुधातली साखर फोडणारं एन्झाइम साबुदाण्याएवढ्या सच्छिद्र मण्यांवर पक्कं बसवायचं आणि ते मणी नळीत भरून वरून दूध सोडायचं, हा माझा विषय. दूध वाहून जातं, एन्झाइम मण्यांच्या छिद्रांत राहतं, त्यामुळे तेच पुन्हा पुन्हा वापरता येतं. आईला दुधातली तीच साखर पचत नव्हती आणि कोरा चहा तिच्या घशाखाली उतरत नव्हता.

प्रयोगशाळेतलं काही कुणाच्या पोटात जाता कामा नये, असं मार्गदर्शक सरांनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. मी ऐकलं नाही. एन्झाइम मण्यांना जखडायला जे रसायन वापरलं होतं, ते जावं म्हणून मणी तीन दिवस धूत बसले आणि काचेची नळी ओढणीत गुंडाळून एसटीनं दिग्रसला आणली. कापसाच्या जिनिंग कारखान्यात मेकॅनिक असलेल्या बाबांनी तिला लोखंडी स्टँड करून दिला.

पहिल्या दिवशी उकळून गार केलेलं, साय काढलेलं दूध थेंबथेंब उतरलं. बाबांच्या शुगर तपासायच्या मशीनवर त्याचा थेंब ठेवला. मशीन फक्त ग्लुकोज मोजतं, म्हणून नळीतून न गेलेल्या दुधाला ते नुसतं ‘लो’ दाखवायचं; या दुधातली साखर फुटून ग्लुकोज झालं होतं, त्याला चांगला आकडा आला. आईनं घोट घेतला आणि साखर टाकली का, म्हणून विचारलं. टाकली नव्हती. दुधातली साखर फुटली की ते गोड लागतं, हे मी तिला समजावून सांगितलं. तिला दुपारी चहा दिला, पोट दुखलं नाही. नळी रोज कशी धुवायची, फ्रिजमध्ये कशी ठेवायची, ते दाखवून मी परतले.

रोज फोन करायचे. आई ‘पचलं’ म्हणायची. मी वहीत लिहायचे: नववा दिवस, त्रास नाही. बारावा दिवस, त्रास नाही. सरांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात कॉलेजला सुट्टी लागली आणि मी न कळवता घरी गेले. आई पोटाशी गुडघे घेऊन पडली होती, ओठ सुकलेले. बाबांना विचारलं, तर म्हणाले, आठ-दहा दिवस झाले, तुला सांगायचं नाही म्हणून तिनं शपथ घातली. मी आधी तिला दवाखान्यात नेलं. सलाइन लावलं. संध्याकाळी घरी येऊन नळीतून दूध सोडलं आणि मशीनवर थेंब ठेवला. ‘लो’.

मणी तसेच होते, पांढरे, गोल. त्यांच्यावरचं एन्झाइम कधीच धुऊन गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आईजवळ बसले. मग म्हटलं, “काहून नाही सांगितलं मले?”

“दुधाची गोडी गेली तवाच समजलं होतं,” ती म्हणाली. “मंग मीच साखर टाकून पेत होती.”

“पण पेत काहून होती?”

तिनं खिडकीकडे मान वळवली. “तू फोनवर एवढी खुश राहे. लेकीचं काम बिघडलं, असं मी कशी सांगू?”

यवतमाळला जाऊन सरांना सगळं सांगितलं. ते रागावतील म्हणून मी तयारीनं गेले होते. ते एवढंच म्हणाले, “तू आईवर प्रयोग केलास.”

आई महिनाभरात हिंडूफिरू लागली. मी मणी नव्यानं केले आणि रोज त्यांचं काम मोजलं, तेव्हा दिसलं की दुसऱ्या आठवड्यातच निम्मं काम बंद पडतं. तो आलेख प्रबंधात आहे. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, की एवढ्या सुरुवातीलाच टिकाऊपणा तपासायचं कसं सुचलं. सर माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, घरी एक अनुभव आला होता. परीक्षकांनी मान हलवून पान उलटलं.