रेवती मॅमचा आवाज

रेवती कर्णिक गुरुग्रामला ज्या सोसायटीत राहायची, तिथे तिला नावाने ओळखणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी होती. तिचा आवाज मात्र उत्तरेतल्या कितीतरी घरांत ओळखीचा होता. दहावीची परीक्षा तोंडावर आली की मुलं मोबाइल उघडून बसायची आणि ती म्हणायची, "चलो बेटा, पेन उठाओ. आज पूरा चैप्टर निपटाएँगे."

ती मूळची नाशिकची. प्रसन्नच्या आयटीतल्या नोकरीमुळे लग्नानंतर इकडे आली. आधी दिल्लीतल्या एका शाळेत विज्ञान शिकवलं, मग कोविडात शाळेचे वर्ग घरातून घ्यायची वेळ आली, आणि त्या वर्गांचं रेकॉर्डिंग पाहून एका ऑनलाइन शिकवणी कंपनीने तिला बोलावून घेतलं. दहावीच्या जीवशास्त्राची उजळणी तिच्याकडे आली. तिची हिंदी अस्सल नाशिकची होती. मुलं कॉमेंटमध्ये तिच्या उच्चारांची नक्कल करायची आणि त्याच्याच खाली लिहायची, मॅम, समजलं.

शिकवताना तिची एक सवय होती. प्रश्न विचारला की ती गप्प राहायची, चांगली चार-दोन श्वास घेण्याएवढी. एडिट करणाऱ्यांना ती शांतता कापून टाकायची असायची. त्यावरून तिची कंपनीत दर महिन्याला भांडणं व्हायची. "अरे, पलीकडे मूल बसलंय. ते विचार करतंय. करू दे ना त्याला!" ती म्हणायची, आणि शेवटी तिचंच चालायचं.

ब्लडप्रेशरची गोळी मात्र ती हमखास विसरायची. प्रसन्न ओरडायचा, मुलगी रुचिरा गोळी हातात आणून द्यायची, आणि ती गोळी पर्सच्या तळाशी जायची.

जानेवारीत परीक्षेच्या आधीची धांदल चालू होती. कंपनीच्या स्टुडिओत उत्सर्जनाच्या धड्याचं रेकॉर्डिंग होतं. रेवती स्क्रीनवर मूत्रपिंडाची आकृती काढत होती, तेवढ्यात पेन तिच्या हातातून खाली सरकत गेलं आणि आकृतीतून एक रेघ तिरपी ओढली गेली. ती 'रुको' म्हणायला गेली. तोंडातून भलताच ओला, जड आवाज निघाला.

काचेपलीकडे शिवांगी बसली होती. रेवतीच्या धड्यांचं काम बघणारी, पंचविशीची, लखनौची मुलगी. ती हसली. "मॅम, कोई बात नहीं, फिर से लेते हैं."

रेवतीच्या डोक्यात त्या क्षणी सगळं लख्ख होतं. उजवा हात गेला, बोलणं गेलं, म्हणजे मेंदूची डावी बाजू. 'नियंत्रण और समन्वय' हा धडा तिने इतक्या वेळा शिकवला होता. हॉस्पिटल, तिला म्हणायचं होतं. आत्ता, लगेच. पण जिभेवर एकच शब्द येत होता.

"हो... हो... हो..."

शिवांगीला वाटलं, मॅमना चक्कर आली, बीपी लो झालं. तिने साखरेचं पाणी आणलं, रेवतीला धरून मेकअपच्या खोलीतल्या सोफ्यावर झोपवलं, अंगावर शाल घातली. "थोड़ा आराम कर लीजिए, मॅम. मैं तब तक केमिस्ट्री वाला निपटा लेती हूँ." रेवतीने डाव्या हाताने तिची ओढणी पकडली. शिवांगीने ती हळूच सोडवून घेतली, रेवतीच्या हातावर थोपटलं आणि दिवा मालवून गेली.

त्या अंधाऱ्या खोलीत रेवती पूर्ण शुद्धीवर पडून होती. भिंतीपलीकडून रसायनशास्त्राच्या सरांचा आवाज येत होता, आम्ल आणि आम्लारी. दोन-तीन तासांनी शिवांगी परत आली तेव्हा रेवतीचं तोंड एका बाजूला लोंबत होतं आणि पाजलेलं पाणी ओघळून मानेखाली शाल भिजली होती. मग आरडाओरडा, गाडी, हायवेवरची कोंडी.

प्रसन्न हॉस्पिटलमध्ये पोचला तेव्हा डॉक्टरांनी त्याला बाजूला घेतलं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन ठरावीक वेळेतच देता येतं, ती वेळ निघून गेली होती. आणखी थोडं आधी आणलं असतं तर, एवढं बोलून ते थांबले.

जीव वाचला. काही आठवड्यांनी काठी घेऊन चालणंही जमू लागलं. बोलणं परत आलं नाही. तिला ऐकलेलं सगळं कळायचं, मनात वाक्य तयार असायचं, पण बाहेर यायचं ते 'हो'. भूक लागली तरी हो, नको असलं तरी हो, रडू आलं तरी हो.

स्पीच थेरपिस्ट नीरज हा कर्नालचा होता. शांत माणूस. पहिल्याच दिवशी त्याने प्रसन्नला बजावलं, "इनके मुँह का हाँ-ना अभी भरोसे का नहीं है, सर. शब्द मत सुनिए, हाथ देखिए." त्याने रेवतीला शिकवलं, हवं असेल तर डावा अंगठा वर, नको असेल तर तळवा पालथा, खाली दाबून. प्रसन्नने तिच्यासोबत रोज सराव केला.

"चहा?"

"हो," रेवती म्हणायची आणि तळवा टेबलावर दाबायची.

"नको. बरं. कॉफी?"

अंगठा वर यायचा. प्रसन्न टाळी वाजवायचा. त्या दिवसांत तो खरंच चांगला वागला. तिला आंघोळ घालायचा, केस विंचरायचा, वेणी घालायचीसुद्धा शिकला.

नीरजनेच सुचवलं की तिच्याच जुन्या व्हिडिओंबरोबर बोलायचा प्रयत्न करावा. कुणाच्या सोबतीने बोललं की कधीकधी शब्द सुटतात, तो म्हणाला. तिच्यासमोर लॅपटॉप ठेवला. पडद्यावर निळ्या कुर्त्यातली, हसरी, भराभर बोलणारी बाई आली. "चलो बेटा..." रेवतीचे ओठ हलले आणि त्या बाईच्या पाठोपाठ, ओढत ओढत, "बे...टा" असा आवाज आला. प्रसन्नच्या डोळ्यांत पाणी आलं. लॅपटॉप बंद केल्यावर पुन्हा 'हो' तेवढा उरला. त्यानंतर ती बाई पडद्यावर आली की रेवती मान फिरवून घ्यायची.

पण घरातून तो आवाज काही जाईना. रुचिराची दहावीची परीक्षा होती. बंद दारामागून आईचा आवाज यायचा, श्वसन, अभिसरण, आनुवंशिकता. पेपर होऊन गेल्यावरही यायचा. रेवतीला ते कळत होतं. पोरगी अभ्यास करत नव्हती, नुसती ऐकत होती.

पहिला खरा शब्द उन्हाळ्यात आला. रेवती हट्टाने स्वयंपाकघरात उभी होती, रुचिरा तव्यावर थालीपीठ लावत होती. ते करपायला लागलं.

"उलथनं," रेवती म्हणाली.

स्पष्ट. एकही अक्षर इकडचं तिकडे नाही. तिचं तिलाच खरं वाटेना. "उलथनं! उलथनं!"

रुचिरा इकडे दिल्लीकडेच वाढलेली. घरात त्याला सगळे पलटाच म्हणायचे. हा शब्द तिने उभ्या जन्मात ऐकला नव्हता. तिने घाबरून गॅस बंद केला आणि बापाला फोन लावला. "बाबा, जल्दी या. आई काहीतरी विचित्र बोलतेय. म्हणजे, शब्दच नाहीयेत ते. वापस तसंच होतंय का?"

रेवती भिंतीला टेकून ऐकत होती. इतक्या महिन्यांनी एक शब्द बरोबर आला, आणि आपल्याच मुलीला तो बरळणं वाटला. तिने तो परत म्हणून पाहिला नाही.

जूनमध्ये शिवांगी घरी आली. फुलं घेऊन. सोफ्याच्या कडेवर बसली आणि रेवतीच्या पाया पडली. मग कामाचं बोलली. पुस्तकं बदलणार होती, सगळे धडे नव्याने करावे लागणार होते. मुलं रोज विचारत होती, रेवती मॅम कुठे गेल्या. कंपनीकडे मॅमच्या इतक्या वर्षांचं रेकॉर्डिंग होतं. त्यावरून सॉफ्टवेअर हुबेहूब तसाच आवाज बनवतं. धडे दुसरं कुणी लिहील, आवाज मॅमचा. मॅम कंपनीच्या कागदोपत्री राहतील, थेरपीचा विमाही चालू राहील. फक्त मॅमची संमती हवी. सही जमणार नसेल तर मोबाइलवर छोटासा व्हिडिओ पुरेल.

रेवतीला शब्द न शब्द कळला. दुसऱ्या कुणीतरी लिहिलेलं आपल्या तोंडून बोललं जाणार. चुकलं तरी आपल्या तोंडून. मुलं 'मॅम' म्हणून जिच्यावर विश्वास टाकतील, ती आपण नसणार.

शिवांगीने मोबाइल समोर धरला. "मॅम, आपको मंज़ूर है?"

"हो," रेवती म्हणाली, आणि तळवा टेबलावर आपटला. "हो! हो! हो!" तिचा चेहरा लाल झाला, मानेची शीर तटतटली, हात पुन्हा पुन्हा खाली दाबत राहिला. टेबलावरचा चहा हिंदकळला. मोबाइलच्या चौकटीत फक्त चेहरा होता.

शिवांगीने गोंधळून प्रसन्नकडे पाहिलं. तिला हाताची भाषा ठाऊक नव्हती. "सर, मॅम हाँ ही बोल रही हैं ना?"

प्रसन्नने रेवतीच्या तळव्याकडे पाहिलं. चांगलं निरखून पाहिलं. मग नजर उचलली, ती शिवांगीकडे. रेवतीकडे नाही.

"हाँ," तो म्हणाला. "हाँ ही बोल रही हैं. ज़रा इमोशनल हो गई हैं."

शिवांगी गेल्यावर त्याने सांडलेला चहा पुसला. पुसता पुसता सांगत राहिला. विमा गेला तर नीरजला रोज बोलावणं झेपणार नाही, रुचिराचं पुढचं शिक्षण आहे, सगळं तुझ्यासाठीच आहे. रेवती त्याच्याकडे बघत होती. तो थांबला. "आणि... मला पण हवाय गं तो आवाज," तो म्हणाला. "गाडीत मी रोज लावतो तुझे धडे. मूत्रपिंडाशी मला काय करायचंय? पण तू बोलत असतेस."

ते खरं होतं, हे तिला कळलं. म्हणून राग कमी झाला असं नाही.

पावसाळा संपता संपता नवे धडे आले. एके दिवशी लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरची एक मुलगी भेटली. तिने रेवतीला ओळखलं आणि हरखून गेली. "मॅम, आपके नए वीडियो बहुत अच्छे हैं! पहले आप बीच में रुक जाती थीं ना, अब एकदम फ्लो में बोलती हैं." रेवतीने काठी घट्ट धरली. मुलीने सेल्फी काढली, थँक्यू म्हणाली आणि आपल्या मजल्यावर उतरून गेली.

रुचिराने ते धडे एकदाच लावले. अर्ध्या मिनिटात बंद केले. विज्ञानात ती उत्तम मार्कांनी पास झाली होती. पण अकरावीला तिने विज्ञान सोडून कॉमर्स घेतलं होतं. का ते कुणी विचारलं नाही.

रेवतीचे शब्द थोडे थोडे परत येत राहिले, आणि आले ते सगळे मराठी. नीरजने पुष्कळ प्रयत्न केले, पण हिंदी काही परतली नाही. जिच्यात तिने इतकी वर्षं मुलांना शिकवलं, ती भाषाच पुसून गेली. आता नाशिकच्या घरातले शब्द यायचे, कोनाडा, फडताळ, रोवळी, वाळवण. रुचिरा आधी मोबाइलवर अर्थ शोधायची, मग आत्याला विचारायची, मग आईच्याच समोर बसून खुणांनी समजून घ्यायला लागली.

डिसेंबरात जेवताना प्रसन्न तिला आमटी वाढत होता.

"नाही," रेवती म्हणाली.

प्रसन्नच्या हातातला डाव तसाच राहिला. "काय म्हणालीस? रुचिरा, ऐकलंस? नाही म्हणाली! बरोबर म्हणाली!" तो हसायला लागला, मोबाइल काढून पुण्याला बहिणीला फोन लावू लागला.

"नाही," रेवती पुन्हा म्हणाली. आमटीकडे न बघता, त्याच्या डोळ्यांत बघून. "आवाज. माझा. नाही." आणि डावा तळवा तिने ताटाशेजारी पालथा ठेवला.

प्रसन्नने फोन खाली ठेवला. रुचिराने एकदा आईच्या हाताकडे पाहिलं, एकदा बापाकडे. त्या जूनच्या दिवशी ती घरात नव्हती. पण आई कशाबद्दल बोलतेय आणि बाबांचा चेहरा असा का झालाय, हे तिला विचारावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी प्रसन्नने कंपनीला मेल लिहिला, रेवतीचा आवाज वापरणं थांबवा म्हणून. उत्तर नम्र होतं. मॅमची संमती व्हिडिओवर नोंदवलेली आहे, मॅमनी स्वतः ती दिली आहे, पतीसमोर. धडे आता मुलांच्या परीक्षेच्या कामाचे आहेत, ते मागे घेता येणार नाहीत. मॅमच्या तब्येतीसाठी शुभेच्छा. शिवांगीने तोवर नोकरी सोडली होती. तिचा फोन लागत नव्हता.

प्रसन्नने ते उत्तर रेवतीला वाचून दाखवलं. तिने ऐकलं, काठी घेतली आणि रुचिराच्या खोलीत गेली. त्या आठवड्यात तिचे कपडे, उशी, औषधांचा डबा, सगळं त्या खोलीत हललं.

आता नाशिकहून, पुण्याहून फोन येतात. "रेवती बोलते का रे?" लोक विचारतात.

"हो, बरंच बोलते आता," प्रसन्न सांगतो.

ते खोटं नाही. आतल्या खोलीतून दोघींचं बोलणं त्याला ऐकू येतं. एकीचं अडखळत, एकीचं दिल्लीच्या वळणाचं. त्यातला एखादा शब्द त्यालाही माहीत नसतो. तो दारापर्यंत जातो. त्याची चाहूल लागली की आतलं बोलणं थांबतं, आणि तो चहा ठेवू का म्हणून विचारतो. आतून रुचिरा सांगते, हवा की नको ते.