साडूंचा स्नेअर

एका आवाजापायी सगळ्या जगाशी वैर घेतलेला माणूस पाहायचा असेल, तर माझ्या थोरल्या साडूंना पाहावं. कारंजा लाडमध्येच काय, अख्ख्या वऱ्हाडात तसा दुसरा सापडायचा नाही. आवाज कुणा माणसाचा नव्हे, देवळातल्या घंटेचाही नव्हे. तो स्नेअरचा. ड्रमसेटमध्ये जो वाजवणाऱ्याच्या दोन गुडघ्यांमध्ये बसतो, ज्याच्या खालच्या पडद्याला बारीक तारा ताणलेल्या असतात आणि वरून काठी पडली की जो 'फट्' करून बोलतो, तो ड्रम म्हणजे स्नेअर. साडू जिनिंग फॅक्टरीत सुपरवायझर. दिवसभर सरकी आणि रुई वेगळी करणाऱ्या यंत्रांच्या खडखडाटात उभं राहायचं आणि घरी आलं की शांतता नको म्हणून ड्रम बडवायचे, असा त्यांचा दिनक्रम. मी आमच्या वऱ्हाडातल्या मालेगावहून रविवारच्या एसटीनं गिटार घेऊन जायचो. माझ्या हाती पाण्याचा तांब्या यायच्या आत ते सुरू व्हायचे, "साडूभाऊ, लोकायले वाटते गाणं गाणाऱ्याचं असते. काय्‌चं! गाणं घरी बनलं का स्टुडिओत, हे फकस्त स्नेअर सांगते."

आणि त्यांचा स्नेअर, काही केल्या, घरीच बनल्याचं सांगायचा. मग उपाय चालायचे. खोली घुमते म्हणून त्यांनी शेतातला सगळा कापूस विकायचा सोडून भिंतींना लावून ठेवला. घरोघरी लोक कापसाचा भाव चढायची वाट पाहत होते. आमचे साडू एकटेच तो पडावा म्हणून देव पाण्यात घालून बसले होते. भाव चढला असता तर ताईंनी, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीनं, कापूस विकायला लावला असता आणि खोली पुन्हा घुमली असती. स्नेअरचा पडदा वाजल्यावर रेंगाळतो म्हणून त्यावर आधी पाकीट ठेवून पाहिलं, मग हातरुमाल, आणि शेवटी शिळी ज्वारीची भाकर. भाकरीनं काम फत्ते झालं. ताई मात्र कपाळाला हात लावून म्हणाल्या, "जवाईबुवा, लोकायचे नवरे भाकर खातेत. माहा नवरा वाजवते."

पुढे उलट घुमणारा आवाज हवा झाला तेव्हा त्यांनी धनज गावच्या शेतातल्या कोरड्या विहिरीत स्नेअरचा आवाज लावलेला स्पीकर दोरीनं सोडला आणि स्वतः माईक धरून काठावर पालथे पडले. विहिरीतून धाडधाड आवाज यायला लागला तशी शेजारच्या शेतातली माणसं दोर घेऊन धावली. एकानं तर तो कमरेला बांधलाही. "कोन पडलं बे?" तो ओरडला. साडूंनी मान न उचलता ओठांवर बोट ठेवलं. "चूप! रेकॉर्डिंग सुरू हाय." त्या रेकॉर्डिंगमध्ये ते 'कोन पडलं बे' अजूनही आहे. त्यामागचा स्नेअर चांगला आला होता म्हणून साडूंनी ते खोडलं नाही.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. मग त्यांच्या मुलीनं गाणं केलं. ती नागपूरला शिकायला होती, उन्हाळ्याच्या लांब सुट्टीत घरी आली होती. शब्द तिचे, चाल तिची, गळा तिचा. गिटार मी, ड्रम बापाचे. वाजवून झालं त्या दिवशी आम्ही तिघंही खुशीत होतो. आता फक्त मिक्स, म्हणजे सगळे आवाज जुळवणं, बाकी होतं आणि ते साडू करणार होते.

दर रविवारी मी जायचो आणि दर रविवारी स्नेअर आधीपेक्षा तीक्ष्ण झालेला असायचा. आधी तो गाण्यातून वर आला. मग तो पत्र्यावर गोटा आपटावा तसा वाजायला लागला. मग तर तो कानात सुईसारखा शिरायचा आणि मुलीचा गळा त्याच्यामागे कुठंतरी दडपून जायचा. आम्ही 'आता थोडा कमी' म्हटलं की ते चिडायचे. "कमी? अजून फुटलाच कुठी तो? दबून राह्यला!" त्यांचा आवाजही चढलेला असायचा. घरात बोलणं कमी झालं. ताई भांडी आपटायला लागल्या. मुलगी जेवताना बापाकडे बघेना.

शेवटी एका दुपारी ती फुटली. गाणं चालू होतं आणि तिनं दोन्ही कानांवर हात ठेवले. साडूंनी ते पाहिलं. गाणं बंद करून ते खुर्चीतून उठले.

"एवढं वंगाळ वाजवलं का मी?"

"वाजवलं चांगलं, बाबा. पन मी कुठी हाओ याच्यात? तुमाले आईकूच येत नाई का?"

हे ती रागात बोलली. पण बोलली आणि थांबली. माझ्याकडे पाहिलं. तिच्या मनात आलं तेच त्या क्षणी माझ्याही मनात आलं होतं. तिनं मोबाईल काढला. आवाज एकदम मऊ करून म्हणाली, "बाबा, बसा. एक शिट्टी लावतो. बारीक बारीक होत जाईन. बंद झाली का हात वर करा."

साडू कुरकुरत बसले. शिट्टी सुरू झाली, वर चढत गेली. दारात ताई पदराला हात पुसत उभ्या राहिल्या. थोड्याच वेळात साडूंनी हात वर केला.

शिट्टी वाजतच होती. मला ऐकू येत होती, मुलीला येत होती, ताईंच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की त्यांनाही येत होती.

"बंद काहून केली वं?" साडू म्हणाले.

 त्यांनी आम्हा तिघांचे चेहरे एकेक करून पाहिले. हात हळूहळू खाली आला. "सुरू हाय?" त्यांनी विचारलं. मुलीनं मानेनंच हो म्हटलं आणि तिला रडू आलं. साडू उठले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि अंगणात गेले.

अकोल्याच्या कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं की फॅक्टरीतल्या यंत्रांनी कानातले वरचे बारीक सूर खाल्ले आहेत. गेलेले परत येत नाहीत, उरलेले सांभाळा. बरेच दिवस त्या घरातून ड्रमचा आवाज आला नाही. मी फोन केला की ताई म्हणायच्या, "बसून राह्यते नुसते. दोन बोट कानात घालून पाह्यते, मंग काढून पाह्यते."

मुलगी नागपूरला परतायच्या आधीच्या रविवारी मात्र त्यांचा फोन आला. "या साडूभाऊ. मिक्स पोरगी करून राह्यली."

गेलो. ती कॉम्प्युटरपुढं आणि साडू शेजारी स्टुलावर, परीक्षेला बसल्यासारखे. गाणं लागलं. तिचा गळा मोकळा आला होता, आणि स्नेअर त्याच्या पाठीशी, जिथं असावा तिथं होता. मी डोळे मिटून ऐकलं. संपल्यावर साडूंनी विचारलं, "आला?"

"आला," मी म्हणालो.

"कसा हाय?"

मला नीट सांगता येईना. मुलगीच म्हणाली, "कोरडा हाय, बाबा. भरला हाय. घाव पडला का खालच्या तारा जराशा झिरमिरतात, मंग निजतात."

"झिरमिरतात?"

"हाव."

दूरच्या गावी दिलेल्या लेकीची खुशाली कळावी तशी त्यांनी मान डोलावली. मग म्हणाले, "पुन्हा लाव."

गाणं पुन्हा लागलं. या वेळी ते स्पीकरकडे पाहत नव्हते. ते आमच्या चेहऱ्यांकडे पाहत होते, एकदा तिच्या, एकदा माझ्या.